सांगली-सातारा व्हीएम रेप्लिकेशन मागे पडतंय? लाईन वाढवण्याआधी हे तपासा

जुलै २०२१. सांगलीत पाणी चढत होतं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तासातासाला एकच आकडा फिरत होता, आयर्विन पुलाजवळच्या पातळीचा. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी त्या रात्री ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर सर्व्हरपुढे बसून दुसराच आकडा बघत होतो. आमच्या हिशेबाच्या व्हीएमची (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकाची) साताऱ्यातली प्रत ११ तास जुनी होती. अशी प्रत सतत ताजी ठेवणं म्हणजे रेप्लिकेशन, आणि प्रत जेवढी मागे तेवढा लॅग. ती १५ मिनिटांपेक्षा जुनी राहू नये, म्हणून तर २०१९ च्या महापुरानंतर साताऱ्यात दुसरा सर्व्हर बसवला होता.

आमचं काम हळद आणि बेदाण्याचं, सोबत कोल्ड स्टोरेज. सहा व्हीएम, दोन्हीकडे एकेक हायपर-व्ही होस्ट (मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर व्हीएम चालवणारा सर्व्हर), मधे लीज्ड लाईन आणि दोन फायरवॉलमधला व्हीपीएन बोगदा, म्हणजे डेटाचा कुलूपबंद रस्ता. जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्था, दूध संघ, कारखाने आणि दवाखाने साधारण याच मापाच्या व्यवस्थेवर चालतात. त्या पुरानंतर मी सगळ्यात आधी लाईन ५० वरून १०० एमबीपीएस करून घेतली. बिल वाढलं, लॅग तिथल्या तिथेच राहिला. खरी कारणं सापडायला पुढे दोन महिने गेले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून त्या वेळी करायला हवं होतं त्या क्रमाने इथे लिहितो. उदाहरणं हायपर-व्हीची आहेत, पण व्हीएमवेअर किंवा व्हीम (Veeam हे बॅकअप-रेप्लिकेशनचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही तपासणीचा क्रम हाच लागू पडतो.

आधी हे जमवून ठेवा

- दोन्ही होस्टचं आणि दोन्ही फायरवॉलचं अॅडमिन लॉगिन. साताऱ्याचा पासवर्ड एकट्या तिथल्या माणसाकडे असेल तर काम पहिल्याच दिवशी अडतं.
- लीज्ड लाईनचा करार आणि सर्किट नंबर. कबूल केलेला वेग, लेटन्सी (लागणारा विलंब) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) करारात लिहिलेले असतात.
- प्रत्येक व्हीएमच्या डिस्कची यादी: किती जीबी, कुठल्या ड्राइव्हवर काय.
- आयपर्फ३ हे लाईनचा वेग मोजणारं मोफत साधन, दोन्ही टोकांना.
- विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर. वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.
- दुसऱ्या टोकाला फोन उचलणारा आणि सर्व्हरपुढे उभा राहू शकणारा एक माणूस.
- एक वही. प्रत्येक मोजणी तारीख-वेळेसह लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर वेग कशाने वाढला हे कधीच कळत नाही.

१. 'स्लो' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

"रेप्लिकेशन स्लो आहे" या एका वाक्यामागे तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात. पहिली पूर्ण प्रत जायला वेळ लागतोय, रोजचे बदल मागे पडताहेत, की पुन्हा पुन्हा रिसिंक होतंय? पहिल्या दुखण्यावर उपाय वेगळा आहे, तो आठव्या पायरीत येईल. रिसिंक होत असेल तर ते मूळ दुखणं नव्हे, परिणाम आहे. हायपर-व्हीमध्ये न पाठवलेल्या बदलांचा लॉग साचत साचत व्हर्च्युअल डिस्कच्या निम्म्या आकाराएवढा झाला, की ते रिसिंक मागतं. मग दोन्हीकडच्या डिस्क पूर्ण ताडून बघाव्या लागतात आणि आधीच दमलेल्या यंत्रणेवर आणखी ओझं पडतं.

रेप्लिकेशन हेल्थच्या खिडकीत सरासरी आकार, कमाल आकार आणि सरासरी लेटन्सी दिसते. दिवसातून चार वेळा हे आकडे वहीत उतरवा, सलग सात दिवस. लॅग कायम आहे की ठरावीक वेळी वाढतो, हे तेवढ्यावरून समजतं. आमचा लॅग रात्री साडेनऊनंतर वाढायचा आणि पहाटे चारच्या सुमारास उतरायचा. आठवड्याच्या नोंदी समोर नव्हत्या तोवर हे लक्षातच आलं नव्हतं.

२. गणित करा: विसर्ग किती, पात्र केवढं

कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि सांगलीपर्यंत नदीचं पात्र किती वाहून नेईल, हा हिशेब आपल्याला नवा नाही. इथेही तोच आहे. व्हीएम दर तासाला किती नवा डेटा लिहिते, हा विसर्ग. लाईन तासाला किती नेते, ते पात्र.

लाईनचा वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल कॉपी मेगाबाइटमध्ये दिसते. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६.२५ मेगाबाइट, तासाला २२.५ जीबी. व्हीपीएनचं ओझं आणि इतर वापर वजा करून मी ८० टक्केच धरतो, म्हणजे तासाला १८ जीबी. बिट आणि बाइट यांची गल्लत करून "लाईन आठ पट कमी चालतेय" अशी तक्रार कंपनीकडे करणारे मी पाहिलेत. ती तक्रार पहिल्याच फोनमध्ये निकाली निघते, आणि पुढची खरी तक्रारही मग कोणी मनावर घेत नाही.

विसर्ग मोजायला परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कचे लिहिले जाणारे बाइट २४ तास नोंदवा. दिवसाच्या सरासरीवर जाऊ नका. दिवसाला ४० जीबी बदल म्हणजे सरासरी चार एमबीपीएससुद्धा होत नाहीत, पण त्यातले ३० जीबी एकाच तासात लिहिले जात असतील तर तेवढा वेळ लाईन तुंबणारच.

३. रेप्लिकेशन बाजूला ठेवून नुसती लाईन तपासा

या पायरीवर वेळ घालवा. शक्यतो रात्री, रेप्लिकेशन थांबवून.

अंतर आणि वेळ: सांगलीहून इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड करत साताऱ्याला रस्त्याने साधारण १२० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सव्वा मिलीसेकंद. मधली यंत्रं धरून पिंग (पॅकेट जाऊन परत येण्याचा वेळ) पाच-सहा मिलीसेकंदांत यायला हरकत नाही. आमचा २८ येत होता. ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवणारी कमांड) चालवल्यावर दिसलं की पॅकेट आधी मुंबईला जातं आणि तिथून साताऱ्याला परत येतं. दोन गावांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन असल्या की असं होऊ शकतं, कारण त्या दोघी जिथे एकमेकींना भेटतात तिथूनच डेटा वळतो.

२८ मिलीसेकंदांनी काय बिघडतं? डेटा पाठवण्याची नेहमीची पद्धत, टीसीपी, ठरावीक माल पाठवून पोच येण्याची वाट बघते. एका वेळी जाणाऱ्या त्या मालाच्या मापाला खिडकी (विंडो) म्हणतात. ती खिडकी ६४ केबीची असेल आणि फेरीला २८ मिलीसेकंद लागत असतील, तर एका कनेक्शनला १९ एमबीपीएसच्या वर वेग मिळूच शकत नाही. लाईन ५० ची असो की ५०० ची. पैसे वाढवूनही आमचं काही हललं नाही ते यामुळे. आजच्या विंडोजमध्ये ही खिडकी आपोआप मोठी होते, पण मधल्या फायरवॉलची तपासणी ते वाढवणं मोडून टाकू शकते.

एक आणि अनेक: आयपर्फ३ आधी एकाच कनेक्शनवर चालवा, मग आठ कनेक्शनवर. आमच्याकडे एकाला १७ आणि आठांना मिळून ९१ एमबीपीएस आले. असा फरक दिसला की लाईन धडधाकट आहे, अडचण खिडकीची किंवा पॅकेट लॉसची आहे असं समजा. दोन्ही वेळा सारखाच आकडा आला तर लाईन खरोखर भरलेली आहे. चाचणी दोन्ही दिशांनी करा. सांगलीकडून साताऱ्याकडे जाणारा वेग तुम्हाला हवा आहे, आणि साध्या ब्रॉडबँडवर अपलोड बऱ्याचदा डाउनलोडपेक्षा कमी असतो.

पॅकेट लॉस: १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. २८ मिलीसेकंदांच्या लाईनवर तेवढाच लॉस जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं एक कनेक्शन पाच-सहा एमबीपीएसपर्यंत खाली आणतो. पाच-दहा पिंगवर निष्कर्ष काढू नका, हजार पाठवा. रस्त्याच्या कामात केबल तुटून पुन्हा जोडली गेली असेल तर त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची मोजणी ताडून बघा. जोड कच्चा राहिला की लाईन चालू दिसते, पण लॉस सुरू होतो.

पॅकेटचा आकार: व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर आपलं वेष्टन चढवतं, त्यामुळे १५०० बाइटचं पॅकेट बोगद्यात मावत नाही आणि त्याचे तुकडे पडतात. पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय देऊन १४७२ आकाराने सुरुवात करा आणि जाईपर्यंत आकार कमी करत या. आमचं १४१० ला गेलं. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की बोगद्याची मर्यादा १४३८ निघते. मग दोन्ही फायरवॉलवर त्या बोगद्यापुरता एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) १३६० केला. एकाच बाजूला करून थांबू नका.

याच वेळी दोन होस्टमधल्या रेप्लिकेशनला फायरवॉलच्या सखोल तपासणीतून सूट दिली. सूट फक्त त्या दोन आयपींना आणि रेप्लिकेशनच्या पोर्टला द्या, सगळ्या बोगद्याला देऊ नका. बदल केले त्या रात्री एका कनेक्शनचा आकडा १७ वरून ८० च्या घरात गेला.

सावध: मोठी फाइल कॉपी करून लाईनचा वेग ठरवू नका. त्यात दोन्हीकडच्या डिस्कही मोजल्या जातात आणि दोष कोणाचा ते कळत नाही.

४. इकडची डिस्क

हे लवकर उरकतं. सांगलीच्या होस्टवर डिस्क वाचनाची लेटन्सी बघा. २० मिलीसेकंदांच्या आत असेल तर पुढे चला, कायम ५० च्या वर असेल तर इथेच थांबा. विसरून राहिलेले चेकपॉइंट किंवा स्नॅपशॉट (व्हीएमची एका क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) शोधा. "अपडेटच्या आधी घेतलेला" म्हणून दीड वर्ष पडून राहिलेला स्नॅपशॉट मी स्वतः काढलाय. अँटीव्हायरसमधून व्हीएचडीएक्स, एव्हीएचडीएक्स आणि एचआरएल (डिस्क, स्नॅपशॉट आणि रेप्लिकेशनचा लॉग) या फाइलींना दोन्ही होस्टवर सूट द्या.

व्हीम वापरत असाल तर प्रत्येक जॉबच्या अहवालात सोर्स, प्रॉक्सी (डेटा वाचून पुढे पाठवणारं मशीन), नेटवर्क आणि टार्गेट यांची टक्केवारी येते. जिथे ती सर्वांत जास्त, तिथे अडलंय. आणि रेप्लिकेशनला दोन्ही गावांत प्रॉक्सी लागतो. एकाच बाजूला असेल तर डेटा आकसून न जाता तसाच लाईनवरून जातो.

५. तिकडची डिस्क

इथे बहुतेकांची नजर जात नाही. डीआरचा (आपत्तीसाठी राखून ठेवलेला) सर्व्हर म्हणजे जुना, उरलेला, "नुसती प्रत तर ठेवायची आहे" म्हणून बसवलेला. पण त्या प्रतीवर दिवसरात्र लिहिलं जात असतं.

लाईन सुधारली तरी आमचा लॅग पाच तासांच्या खाली येईना. शेवटी मी साताऱ्याला गेलो. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसलं ते हे: चारही डिस्कचे दिवे लुकलुकत नव्हते, सलग पेटलेले होते. परफॉर्मन्स मॉनिटर लावला तर लिहिण्याची लेटन्सी १८० मिलीसेकंद. आणि सर्व्हरच्या पुढच्या पट्टीवर एक पिवळा दिवा.

तिथल्या मुलाला विचारलं, "हा कधीपासून आहे रे?"

"दादा, दिवाळीच्या आधीपासून असेल. आधी बारीक बीप पण यायचा. मी सॉफ्टवेअरमधून आवाज बंद केला. मशीन चालू होतं ना सगळं."

त्याची चूक नव्हती. त्या बीपचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता. रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी संपली होती. बॅटरी शाबूत असते तेव्हा कंट्रोलर लिहायचा डेटा आपल्या कॅशमध्ये घेतो, लगेच पोच देतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. बॅटरी गेली की वीज गेल्यावर कॅश पुसली जाण्याचा धोका असतो, म्हणून कंट्रोलर स्वतःहून ती सोय बंद करतो आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो.

त्यात डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत. ७२०० आरपीएमची साधी डिस्क सेकंदाला ७५-८० फुटकळ कामं करते. चार मिळून ३००. पण रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं, म्हणजे हातात उरतात जेमतेम ७५. सहा व्हीएमचे बदल त्या ७५ च्या नळीतून जात होते.

आम्ही तीन गोष्टी केल्या, आठ-आठ दिवसांच्या अंतराने. बॅटरी बदलली. हिशेबाच्या व्हीएमची प्रत दोन एसएसडींच्या रेड १ वर (दोन्हींवर तोच डेटा) हलवली. आणि रिकव्हरी पॉइंट २४ वरून ४ केले, कारण तासातासाची प्रत्येक जुनी अवस्था जपायची म्हणजे तिकडच्या डिस्कला जास्तीचं काम. लॅग नऊ मिनिटांवर आला. पुढच्या महिन्यात लाईन पुन्हा ५० ची केली, तरी तो वाढला नाही.

बॅटरी संपलेली असताना 'तरीही कॅश वापर' असा पर्याय कंट्रोलरमध्ये दिसेल. तो चालू करू नका. वेग लगेच वाढतो, आणि वीज गेली की प्रत खराब होते. ती गरजेच्या दिवशीच उघडणार नाही.

६. व्हीएमच्या पोटातलं अनावश्यक

रात्री साडेनऊचं कोडं इथे सुटलं. हिशेबाच्या व्हीएममध्ये एसक्यूएल डेटाबेसचा पूर्ण बॅकअप रोज साडेनऊला त्याच व्हीएमच्या डी ड्राइव्हवर उतरत होता. ६० जीबीची फाइल. रेप्लिकेशनला ती बॅकअप आहे हे कुठून कळणार? लिहिलं गेलं म्हणजे पाठवायचं. तासाला १८ जीबी धरले तर नुसती ती फाइल जायला तीन तास वीस मिनिटं.

बॅकअपसाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क करा आणि ती डिस्क रेप्लिकेशनमधून वगळा. बॅकअप बाहेर नेण्याची दुसरी सोय मात्र हवीच. पेजफाइल (विंडोजची तात्पुरती मेमरी-फाइल) आणि टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरता डेटाबेस) यांनाही तशीच वेगळी डिस्क द्या, पण फेलओव्हरनंतर, म्हणजे काम साताऱ्यातल्या प्रतीवर हलवल्यावर, तिकडे त्या डिस्क रिकाम्या तयार ठेवाव्या लागतात, हे वहीत लिहून ठेवा. व्हीएमच्या आतलं डिफ्रॅग बंद करा. इंडेक्स रिबिल्ड (डेटाबेसची सूची नव्याने बांधणं) दर रात्री लावलेलं असेल तर खरंच रोज गरज आहे का ते विचारा, आमचं आठवड्यातून एकदा पुरलं.

७. वेळापत्रक

बदल किती वेळाने पाठवायचे, यासाठी हायपर-व्हीमध्ये ३० सेकंद, ५ मिनिटं आणि १५ मिनिटं असे तीनच पर्याय आहेत. सगळ्या व्हीएमना ३० सेकंद देऊ नका. हिशेबाला ५, बाकी सगळ्यांना १५ पुरतात. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर रेप्लिकेशनमध्ये एकाच ब्लॉकवर दहादा लिहिलं तरी शेवटची अवस्थाच जाते, म्हणून तिथे मध्यंतर वाढवलं की डेटाही घटतो.

रिसिंकची ठरलेली वेळ संध्याकाळी ६.३० ते सकाळी ६ अशी आधीच भरलेली असते. तुमचे रात्रीचे बॅकअपही तेव्हाच चालतात का, ते बघा. दिवसा ऑफिसच्या कामाला लाईन अपुरी पडत असेल तर फायरवॉलवर रेप्लिकेशनला मर्यादा घाला, आणि रात्री ती आपोआप उठेल अशी लावा.

८. पहिली प्रत गाडीने न्या

आमचा सगळा डेटा १.८ टीबी. तासाला १८ जीबीने शंभर तास, आणि तोवर नवे बदल साचत राहणार. पहिली प्रत बाहेरच्या डिस्कवर काढण्याचा पर्याय हायपर-व्हीमध्ये आहे, व्हीममध्येही आधी नेऊन ठेवलेल्या प्रतीवरून सुरुवात करता येते. यूएसबी ३ डिस्कवर उतरवायला पाच-सहा तास, साताऱ्यापर्यंत तीन तास, तिकडे चढवायला पुन्हा पाच-सहा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करूनच बाहेर काढा आणि तिची चावी फोनवरून कळवा, डिस्कसोबत चिठ्ठीवर नको. मधल्या काळात साचणाऱ्या लॉगला जागा पुरेल ना, हे निघण्याआधी बघा.

९. लाईनच्या कंपनीकडे तक्रार कशी करायची

"नेट स्लो आहे" असं लिहिलं तर "मोडेम बंद करून चालू करा" हेच उत्तर येतं. सर्किट नंबर, दोन्ही टोकांचे आयपी, तीन वेगवेगळ्या वेळांचं ट्रेसराउट, हजार पिंगमधला लॉस आणि एक व आठ कनेक्शनचे आकडे, एवढं एका ईमेलमध्ये द्या. करारातली लेटन्सीची ओळ तशीच्या तशी उतरवा. आमचा मुंबईचा वळसा तीन आठवड्यांनी निघाला, तोही असा ईमेल गेल्यावर. त्याआधीचे अकरा फोन वाया गेले होते.

१०. पाणी चढतंय आणि लॅग आहे, तेव्हा

तेव्हा दुरुस्तीला हात घालू नका. फाइल सर्व्हर आणि बाकीच्या व्हीएमचं रेप्लिकेशन थांबवा, सगळी लाईन हिशेबाच्या व्हीएमला द्या. रात्रीचा बॅकअप रद्द करा. २०२१ मध्ये मी हेच केलं आणि ११ तासांचा लॅग पहाटेपर्यंत ४० मिनिटांवर आणला. वीज असेपर्यंतच नियोजित फेलओव्हर करा: व्हीएम बंद करायची, उरलेले बदल जाऊ द्यायचे आणि मग साताऱ्यात चालू करायची. अशा फेलओव्हरमध्ये एकही नोंद हरवत नाही. वीज गेल्यावरचा फेलओव्हर तिकडे शेवटी जे पोचलं तिथूनच सुरू होतो.

याची तालीम मे महिन्यातच करा. टेस्ट फेलओव्हरमध्ये साताऱ्यात व्हीएमची वेगळी प्रत उघडते आणि चालू कामाला धक्का लागत नाही, फक्त तिचं नेटवर्क वेगळं ठेवायचं. अकाउंटच्या माणसाला शेजारी बसवून कालची शेवटची पावती उघडायला सांगा, स्टॉकचा एक अहवाल काढायला सांगा. नुसता लॉगिनचा पडदा दिसला म्हणजे तालीम झाली असं धरू नका. झाल्यावर टेस्टची प्रत पुसून टाका, नाहीतर तीच तिकडच्या डिस्कवर ओझं होऊन बसते. त्या दिवशी किती मिनिटं लागली ते कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि त्याच कागदावर साताऱ्यातल्या माणसासाठी एक ओळ ठेवा: पिवळा दिवा दिसला किंवा बीप आला, तर आवाज बंद करण्याआधी सांगलीला फोन.